केर काढणाऱ्या बाईला विचारून

डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी भागात सकाळी केर काढला तरी दुपारी लादीवर पुन्हा पावलांचे ठसे उमटतात. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं की बोट काळं. २०२० च्या फेब्रुवारीत इथला एक रस्ता रासायनिक भुकटीने गुलाबी झाला आणि त्याचे फोटो देशभर फिरले. आमच्यासाठी त्यातला रंग नवा होता, भुकटी ओळखीचीच. आता कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोचं काम चालू आहे, त्याची माती वेगळी. ही धूळ कोरडी नसते, जरा तेलकट, चिकट असते. झाडूला लागून थोडी येते आणि थोडी हवेत उडून तासाभराने परत खाली बसते.

मुलीला धुळीची अॅलर्जी आहे. डॉक्टरांनी सांगितलं, ती घरात असताना झाडू मारू नका. त्याच सुमारास आमच्याकडे केर-लादी करणाऱ्या मावशींची कंबर धरली. त्या आजदे गावातून येतात, आमच्यासारखी आणखी चार-पाच घरं करतात आणि प्रत्येक घरात वाकून केर, वाकून लादी. त्यांच्याही डॉक्टरांनी वाकायचं बंद करायला सांगितलं होतं. पण ज्यांचं पोट वाकण्यावरच चालतं त्यांनी हा सल्ला पाळायचा कसा? म्हणून घरात केर काढणारा रोबो घ्यायचा विषय निघाला. हौस म्हणून आम्ही तो घेतला नसता.

दुकानात गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो पास्कलचा. हा ४,००० पास्कलचा, तो ८,००० चा, त्याच्या शेजारचा त्याहून मोठा. पास्कल म्हणजे यंत्र हवा किती जोराने ओढतं त्याचं माप. गालिच्याच्या लोकरीत रुतलेली माती उपसायची असेल तर हा जोर लागतो. आपल्याकडे बहुतेक घरांत उघडी लादी असते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवरून धूळ, केस आणि पोह्याचे दाणे उचलायला दोन-तीन हजार पास्कल पुरतात. मोठ्या आकड्याने बॅटरी लवकर उतरते आणि आवाज वाढतो. हे कुणीही विक्रेता आपणहून सांगत नाही, म्हणून आधी सांगून टाकते.

ही यंत्रं तशी नवी नाहीत. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने २००१ मध्ये ट्रायलोबाइट नावाचं यंत्र विकायला काढलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या आयरोबोटची रूम्बा आली. ती पहिली रूम्बा घराचा नकाशा काढत नसे. भिंतीला आपटायची, वळायची, पुन्हा कुठेतरी आपटायची, आणि अशी भटकत राहून बराचसा भाग झाडायची. आज बऱ्याच यंत्रांच्या डोक्यावर एक छोटा घुमट असतो. त्यात फिरणारा लेझर भिंतीपासूनचं अंतर मोजतो आणि काही मिनिटांत खोलीचा आराखडा फोनवर उमटतो. कॅमेऱ्याने वाट शोधणारी यंत्रं बुटकी असतात, पण त्यांना उजेड लागतो. लेझरला अंधार चालतो. आमच्या बेडरूमचे पडदे दिवसभर ओढलेले असतात, तेव्हा लेझरच घ्यायचा हे लवकर ठरलं.

माझा दादा ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. त्यांच्याकडे रोबो आधीपासून होता आणि वहिनी त्याच्यावर खूश होती. टॉवरमधलं नवं घर, हॉलपासून बेडरूमपर्यंत एकसलग टाइल, उंबरठा नाही, फर्निचर भिंतीत बसवलेलं. यंत्र सकाळी निघतं, सगळं घर फिरून आपल्या जागी येऊन चार्जिंगला लागतं. दादा म्हणाला, "डोळे मिटून हाच घे." मी म्हटलं, आधी आठवडाभर आमच्याकडे राहू दे. रविवारी तो गाडीतून ते घेऊन आला आणि तेच यंत्र आमच्या घरात निराळं वागायला लागलं.

आमची इमारत जुनी आहे. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे, लादीपासून जेमतेम बोटभर उंच. यंत्र त्या पट्टीपर्यंत यायचं, थबकायचं आणि मागे फिरायचं. उंची नडत असेल असं आम्हाला वाटलं. तसं नव्हतं. जिन्यावरून पडू नये म्हणून या यंत्रांच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात. ते खाली किरण सोडतात. किरण परतले तर खाली जमीन आहे, नाही परतले तर खड्डा आहे, असा त्यांचा हिशेब. काळा गुळगुळीत ग्रॅनाइट किरण गिळतो, म्हणून यंत्राच्या लेखी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी दरी होती. सेन्सरवर पांढरी पट्टी चिकटवून हा प्रश्न सोडवणारे लोक आहेत. ज्यांच्या घरात जिना आहे त्यांनी ते अजिबात करू नये.

बेडरूममध्ये आणखी एक प्रकार झाला. आमच्या कपाटाची सरकती दारं आरशाची आहेत, जमिनीपर्यंत. लेझर आरशावरून परत फिरतो आणि यंत्राला आरशातली खोलीही खरी वाटते. फोनवरच्या नकाशात आमच्या भिंतीपलीकडे, जिथे शेजाऱ्यांचं बाथरूम आहे तिथे, आम्हाला आणखी एक बेडरूम दिसत होती. यंत्र तिकडे जायला निघायचं आणि आरशाला जाऊन टेकायचं. आरशाच्या तळाला घुमटाच्या उंचीवर कागदाची रुंद पट्टी लावली तेव्हा ती खोली नकाशातून गेली. आणि दिवाण! दिवाणाखाली नऊ सेंटिमीटर जागा, यंत्र घुमटासकट साडेनऊच्या पुढे. घरातली सगळ्यात जास्त धूळ जिथे साठते, नेमकं तिथेच ते शिरेना.

सगळ्यात जास्त धूळ तिथे साठते हे मला मावशींनी सांगितलं. त्या आठवड्यात त्या यंत्राच्या मागे मागे फिरत होत्या. पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ताई, ह्याला दारामागचं कळत नाय." मी त्यांना म्हटलं, मावशी, मला घरभर फिरून दाखवा, केर कुठे कुठे असतो. मग त्यांनी जे दाखवलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. गॅलरीच्या सरकत्या दाराच्या खाचेत काळी माती. मुख्य दारामागे चपलांची रेती. टीव्हीच्या कपाटाखाली वायरींच्या गुंत्यात केसांचे बोळे. सासूबाईंच्या खुर्चीभोवती शेंगदाण्याची सालं, आणि देवघरापुढे उदबत्तीची राख आणि अक्षता. यातली रेती, केस आणि सालं यंत्र उचलेल. दाराची खाच आणि कोपरे उचलणार नाही, कारण गोल यंत्र काटकोनात पोचत नाही. राख त्याला उचलू द्यायची नाही हे सासूबाईंनी ठरवलं, देवाची राख केरात जायला नको म्हणून. फोनवरच्या नकाशात देवघरापुढे प्रवेशबंदीचा चौकोन आखता येतो, तो आखला.

कुठलाही तक्ता वाचण्याआधी, घरात जी बाई रोज केर काढते तिच्याबरोबर एकदा घर फिरावं असं मला मनापासून वाटतं. मग ती मावशी असो, आई असो की आपण स्वतः. कुठली लादी चिकट होते, कुठे वाकावं लागतं, कुठे हात पोचत नाही हे तिला ठाऊक असतं. माहितीपत्रकात यातलं काही नसतं.

आता आम्हाला नेमकं काय हवं ते कळलं होतं. स्वयंपाकघराची पट्टी बसवली तेव्हा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा माळ्यावर होता. तो पिशवीत घालून आम्ही दुकानात नेला. विक्रेता आधी का-कू करत होता, पण मालकांनी परवानगी दिली. मी तुकडा जमिनीवर ठेवला आणि एकेक यंत्र त्याच्याकडे सोडायला लावलं. एक पट्टीला टेकून मागे फिरलं. दुसरं चढलं पण मध्येच थांबून मदत मागायला लागलं. तिसरं पुढची चाकं उचलून चढलं, पलीकडे उतरलं आणि चालू लागलं. बहुतेक यंत्रं दोन सेंटिमीटरचा अडथळा ओलांडतात असं लिहिलेलं असतं. काळ्या दगडाचं लिहिलेलं नसतं, ते असं बघूनच घ्यावं लागतं.

लादी पुसण्यावरून घरात बराच खल झाला. स्वस्त यंत्रं ओलं फडकं मागे ओढत नेतात. महाग यंत्रांना दोन गोल फिरते पोछे असतात आणि सोबत मोठा स्टँड, तो पोछे धुतो, वाळवतो, घाण पाणी वेगळ्या टाकीत साठवतो. नवऱ्याला तो हवा होता. पण त्याची किंमत दुप्पट-तिप्पट, त्याला जागा हवी, आणि घाण पाण्याची टाकी कुणीतरी रोज रिकामी करायला हवी, नाहीतर वास मारणार. आमची तेलकट धूळ नुसतं फडकं फिरवून निघत नाही, रगडावी लागते. शिवाय टाकीत फिनाईल घालायचं नाही अशी कंपन्यांची ताकीद असते, त्याने आतल्या नळ्या खराब होतात. फिनाईलशिवाय पुसलेली लादी सासूबाईंना चालत नाही. शेवटी पोछ्याचा नाद सोडला. पुसायला मावशींना लांब दांड्याचा उभा मॉप आणला, आणि यंत्राकडे फक्त केर दिला.

वाचलेल्या पैशांतून एका गोष्टीला जास्त पैसे मोजले, धूळ आपोआप ओढून पिशवीत बंद करणाऱ्या स्टँडला. साध्या यंत्राचा डबा छोटा असतो, तो रोज केराच्या बादलीवर झटकावा लागतो आणि झटकताना धूळ उडते. ज्या घरात अॅलर्जी आहे तिथे मग यंत्र घेऊन उपयोग काय? या पिशव्या मात्र विकत घ्याव्या लागतात. म्हणून पैसे देण्याआधी पिशव्या, फिल्टर, बाजूचे ब्रश आणि बॅटरी सुटी मिळते का, आणि बिघाड झाला तर माणूस घरी येतो की खोकं कुरिअरने पाठवायचं, हे खोदून विचारलं. एका चकचकीत दुकानात या प्रश्नावर नुसतं हसू मिळालं, तिथून आम्ही उठलो. या यंत्रांची बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते. ती मिळाली नाही तर हजारो रुपयांची वस्तू भंगारात.

माळ्यावरून ग्रॅनाइट काढताना शेजारी सासऱ्यांचा युरोक्लीन व्हॅक्यूम क्लीनरचा डबा दिसला होता. तो विकणारी युरेका फोर्ब्स कंपनी १९८२ मध्ये सुरू झाली आणि तिचे टाय लावलेले तरुण विक्रेते डोंबिवलीच्या इमारतींमध्ये दारोदार येऊन सोफ्यावर प्रात्यक्षिक करून दाखवत. आमच्या सासऱ्यांनी मोठ्या हौसेने तो घेतला. चांगलं यंत्र होतं, दिवाळीला पंखे आणि गाद्या साफ व्हायच्या. पण रोजच्या केराला तो कुणी काढत नसे. काढायचा, जोडायचा, वायर ओढत न्यायची, आवरायचा, तेवढ्यात झाडूने दोन खोल्या होतात. रोबोचं मला पटलेलं कारण हेच आहे की तो काढावा लागत नाही. मुलगी शाळेत गेली की तो आपल्या वेळेला निघतो. ती परत येते तेव्हा उडालेलीही धूळ खाली बसलेली असते. दिवाणाखालीही तो शिरावा म्हणून दिवाण सुताराकडून लाकडी ठोकळे लावून उचलून घेतला.

केसांची तक्रार राहतेच. घरात तीन बायका, तिघींचे केस लांब. मधल्या ब्रशला ते गुंडाळून बसतात आणि रविवारी कात्री घेऊन कापावे लागतात. ब्रश दाट केसाळ नको, रबरी पात्यांचा घ्या, गुंता कमी होतो. दारातल्या रांगोळीची पूड फार बारीक असते, फिल्टर भरून टाकते, म्हणून दिवाळीत दाराजवळचा पट्टा बंद ठेवते.

मावशींच्या पगाराबद्दल सोसायटीतल्या बायकांनी मला विचारलं, आता कमी केलास ना? नाही केला. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, पण कोणाच्या घरात काय दर द्यायचा आणि यंत्र आल्यावर त्याचं काय करायचं हे आपणच ठरवतो. मावशींचं वाकणं कमी व्हावं हेही यंत्र घेण्याचं कारण होतं. मग त्याची किंमत त्यांच्याकडून वसूल करणं मला मान्य नाही. त्या आता कोपरे, दाराची खाच आणि लादी करतात, आणि जो वेळ वाचतो त्यात सकाळच्या पोळ्या. पोळ्यांचे पैसे वेगळे.

गेल्या महिन्यात कल्याणहून आत्याचा फोन आला. पारनाक्याजवळच्या जुन्या वाड्यात राहते, खाली शहाबादी फरशी, प्रत्येक खोलीला वीतभर लाकडी उंबरठा, माजघरातून दोन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर. "मला पण तुझ्यासारखं ते गोल आणून दे," म्हणाली. मी तिला सरळ सांगितलं, आत्या, तुझ्या घरात ते एका खोलीतच अडकून बसेल आणि दर खोलीत तुला ते उचलून न्यावं लागेल, ते घेऊ नकोस. त्याऐवजी उभ्याने चालवायचा, वायरशिवायचा हलका व्हॅक्यूम घे, भिंतीला टांगता येतो. तिने वजन किती ते विचारलं. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी तो हातात धरून बघायला जाणार आहोत. तिचा उजवा खांदा दुखतो, तेव्हा डाव्या हाताने चालवून बघायला सांगितलंय.