एका ठोकळ्याची चूक

यंदा दिवाळीत मी दोन किल्ले केले. एक आमच्या दारात मातीचा. दुसरा कोल्हापुरात आत्याच्या घरी, कॉम्प्युटरवर. त्या दुसऱ्याची हकीकत सांगतो.

भाऊबीजेला बाबा, आज्जा आणि मी आत्याकडे गेलो होतो. माझा आतेभाऊ डिप्लोमाला आहे. दादाने पन्हाळ्याच्या अंबरखान्यातील गंगा कोठीचे मॉडेल केले होते. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारे आहेत. गंगा सर्वांत मोठी, सुमारे ३५ फूट उंच. तिच्यात २५ हजार खंडी धान्य मावत असे. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला कित्येक महिने वेढा घातला, तेव्हा एवढी माणसं काय खात होती ते कोठार बघितलं की कळतं. आमचा आज्जा गवंडी होता. आता गुडघ्यांमुळे त्याला कोठीच्या पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून दादा त्याला ती माईनक्राफ्ट या खेळात दाखवणार होता.

एका प्रोग्रॅमने मॉडेलचे ठोकळे झाले, एका मीटरला चार. पण खेळातला स्ट्रक्चर ब्लॉक एका वेळी ४८ लांब, ४८ रुंद, ४८ उंच एवढेच घेतो. उंची ४३ झाली, ती बसली. लांबी-रुंदी काही बसेना. फडातला सगळा ऊस एकदम डोक्यावर येत नाही, मोळ्या बांधाव्या लागतात, तसे दादाने कोठीचे आठ तुकडे केले. लांबीत चार, रुंदीत दोन. प्रत्येक तुकड्याची फाईल वेगळी.

कोणता तुकडा कुठे ठेवायचा ते वहीत लिहावे लागते. लांबीचे आकडे लिहायचे काम माझ्याकडे आले. मला लई आनंद झाला. पहिला तुकडा ० वर. मला वाटले, ४८ संपले की ४९ येतात, म्हणून दुसरा ४९ वर लिहिला. मग ९७, मग १४५. पण मोजणी शून्यापासून होती, म्हणजे पहिला तुकडा ४७ वरच संपत होता. दादाने माझी वही बघून रात्री अकरापर्यंत सगळे तुकडे लावले.

सकाळी आज्जाने चष्मा लावून बघितले आणि म्हणाला, "आरं, भिताडाला वरपासनं खालपर्यंत चीर पडलीया की! कुणाचं काम हे?"

दादाला वाटले, त्याचा प्रोग्रॅमच चुकला. तो बिचारा सगळे पहिल्यापासून करायला बसला. मी वही बघितली आणि मला चूक कळली. तरी मी चहा संपेपर्यंत गप्प बसलो. चहा बशीत ओतून हळूहळू प्यायलो. आमची एसटी दहाची होती. शेवटी म्हटले, "दादा, ४८ पाहिजे होतं. मी ४९ लिहिलं."

दादा रागावला. म्हणाला, "मघाशीच सांगायचं न्हवं?" मग आम्ही सहा तुकडे एकेक ठोकळा मागे घेऊन परत लावले, ४८, ९६, १४४ वर. दुसऱ्या टोकाला एक जादा भिंत उरली, ती मी एकट्याने फोडली. तोवर एसटी गेली. बाबा कुरकुरले.

मग मी माऊस धरला आणि आज्जाला पायऱ्यांवरून वर नेले. वर धान्य ओतायची भोके आहेत. आज्जा म्हणाला, "आत उतरता येतं का बघ." मी उडी मारली. आत नुसता काळोख. दादाने मशाली लावल्याच नव्हत्या.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी