प्रेसशिवाय बेअरिंग

गाडीचे व्हील बेअरिंग घरी बदलणाऱ्यांबद्दल माझे मत बरीच वर्षे वाईट होते, आणि ते मी कधी झाकूनही ठेवले नाही. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात टूलरूममध्ये नोकरीची सगळी वर्षे गेली. तिथे मिलिमीटर हे ढोबळ माप, सगळी बोली मायक्रॉनची. अशा माणसाला कुणी सांगितले की, मी पार्किंगमध्ये पाइपचा तुकडा आणि नट-बोल्ट लावून बेअरिंग बसवले, की माझ्या कपाळाला आठी पडायची. ‘हायड्रॉलिक प्रेस नसेल तर बेअरिंगला हात लावू नये,’ हे माझे ठरलेले वाक्य. लग्नकार्यातसुद्धा मी ते ऐकवलेले आहे.

माझ्या म्हणण्याला आधार नव्हता असे नाही. बेअरिंगमधला छर्रा आतल्या आणि बाहेरच्या रिंगला अगदी इवल्याशा जागी टेकतो. चाक फिरताना तो भार पेलायला समर्थ असतो, पण बसवताना हातोड्याचा दणका छर्‍यांतून गेला तर रिंगच्या गुळगुळीत वाटेवर खळगे पडतात. योहान ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली धातूचा कठीणपणा मोजायची पद्धत मांडली, ती हीच: कठीण गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. नवे बेअरिंग हातोड्याने ठोकणारा तीच चाचणी स्वतःच्या गाडीत करत असतो, फक्त खळगा मोजत नाही. तो डोळ्यांना दिसतही नाही. काही महिन्यांनी हायवेवर घूंऽऽ आवाज सुरू झाला की दोष बेअरिंगच्या कंपनीला!

निवृत्तीनंतर कोल्हापूरला राहायला आलो, तेव्हा हे मत सामानाबरोबर आले. इथे माझा भाचा. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी पतसंस्थेत, आणि रविवारी अंगात मेकॅनिक संचारतो. माझ्या जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकातून आवाज यायला लागला. वेग वाढला की वाढायचा, आणि गाडी डावीकडे वळवली की जास्त. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणजे उजवे बेअरिंग गेलेले. निदान आम्हा दोघांचे एकच होते. उपायावर मात्र जुंपली. तो म्हणाला, “मामा, गाडी माझ्या दारात लावा की. चुकलो तर नव्या बेअरिंगचे पैसे माझे.” मी गाडी लावली ती त्याची चूक पकडायला, हे मोकळेपणाने सांगतो.

त्याची हत्यारे पाहून मला मनातून बरेच वाटले, कारण ती माझ्या अपेक्षेइतकीच गबाळी होती. एक एम१६ चा थ्रेडेड रॉड, दोन लांब नट, जाड वायसर, जाड भिंतीच्या पाइपचा तुकडा, ट्रकच्या गोटी-पान्ह्याच्या मोठ्या गोट्या, आणि शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून भंगारातल्या तुकड्यातून कातून घेतलेल्या दोन चकत्या. शिवाय एका जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग, ग्राइंडरने एका जागी चिरलेली. चीर कशाला, असे विचारले, तर म्हणाला, नवे बेअरिंग शेवटपर्यंत आत ढकलताना ही रिंग मागोमाग नकलमध्ये, म्हणजे बेअरिंग धरून ठेवणाऱ्या भागात, शिरते. चीर असली की दबून परत निघते, नाही तर तीच अडकून बसते. हे मला सुचले नसते. नोकरीत अशा कामाला आम्ही रीतसर ड्रॉइंग काढून फिक्श्चर केले असते आणि महिना घालवला असता.

चाक ज्यावर बसते तो हब ओढून काढताना जुन्या बेअरिंगच्या आतल्या रिंगचा अर्धा भाग हबवरच राहिला. तो ग्राइंडरने तिरका कापून, शेवटचा पापुद्रा छिन्नीने तडकवून काढला, हबच्या दांड्याला ओरखडा न येऊ देता. बेअरिंग अडवून धरणारी सर्क्लिप निघाली. मग रॉड आरपार घातला. एका अंगाला पाइप, दुसऱ्या अंगाला बाहेरच्या रिंगपेक्षा जराशी लहान चकती. नट पिळत गेला तसे जुने बेअरिंग टक् टक् करत पाइपमध्ये उतरले. हातोडा एकदाही उचलला नाही.

नवे बेअरिंग रात्रभर आमच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. बायकोने यावर केलेली टिप्पणी गाळतो. हिशेब साधा आहे: ७२ मिलिमीटर व्यासाचे पोलादी बेअरिंग ३० अंशांवरून उणे १८ वर नेले, तर व्यास साधारण ४० मायक्रॉनने आकसतो. ज्या घट्ट बसणीसाठी टनांचा जोर लागतो ती बसणीही याच मापाची असते. तेव्हा फ्रीझर ही अंधश्रद्धा नव्हे. फक्त बाहेर काढल्यावर त्यावर दव जमते, ते लगेच पुसावे लागते. त्याने पुसले. मी बघत होतोच.

मी खरी वाट पाहत होतो ती पुढच्या पायरीची. बेअरिंग नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा असतो, पण नंतर हब बेअरिंगमध्ये घालताना आधार आतल्या रिंगला हवा. इथे भलेभले चुकतात. आधार बाहेरच्या रिंगला राहिला की सगळा जोर छर्‍यांतून जातो आणि बेअरिंग गाडी हलायच्या आधीच खराब होते. मी काही न बोलता उभा राहिलो. त्याने चकती बाजूला ठेवली, दोन-तीन गोट्या लावून पाहिल्या, आतल्या रिंगला नेमकी टेकणारी निवडली, आणि रॉडवर ओवली. मी विचारले, “ती कशाला?” “नाही तर छर्रे चेपतील की, मामा.”

माझे मत बदलले ते या उत्तराने, पण त्यावर शिक्का बसला नंतर. दुसऱ्या कुणाच्या कामासाठी एका गॅरेजात गेलो होतो. तिथे चांगला मोठा प्रेस होता, दाब दाखवणारे घड्याळ लावलेले. कारागिराने नकल दोन ठोकळ्यांवर ठेवली आणि वरून हब दाबला. आतल्या रिंगखाली काहीच नव्हते. घड्याळाचा काटा झोकात चढला. यंत्र बरोबर होते, काम चुकले होते, आणि माझ्या जुन्या वाक्यात या प्रसंगाला जागाच नव्हती.

मग मी प्रेसचा नव्याने विचार केला. नकलला सपाट अंग असे नसतेच, त्यामुळे प्रेसखाली ती ठोकळ्यांवर तोलावी लागते आणि जरा कलली की बेअरिंग तिरके शिरते. रॉड मात्र मधूनच जातो. चकत्या नीट कातलेल्या असतील तर जोर आपोआप मध्यावर राहतो, आणि बेअरिंग कलले तर पान्ह्यावर हाताला कळते. शिवाय प्रेससाठी नकल गाडीवरून उतरवावी लागते, म्हणजे बॉल जॉइंट सोडवा, स्ट्रटचे बोल्ट काढा, मग अलाइनमेंट करा. रॉडने हे काम बऱ्याच गाड्यांत नकल जागेवर ठेवून होते. जोर कमी पडेल ही माझी शंकाही आकड्यांनी मिटली. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर हाताने २० किलोचा जोर दिला, तर एम१६ चा रॉड ३ टनांच्या आसपास ओढतो.

इथे मात्र टूलरूममधला माणूस जागा होतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा रॉड बहुधा ४.८ ग्रेडचा असतो, आणि तो ५ टनांच्या पुढे कायमचा ताणायला लागतो. ८.८ ग्रेडचा साडेनऊ टनांपर्यंत टिकतो. भाच्याकडचा साधा निघाला. मी त्याला चांगला रॉड आणून दिला, आट्यांना मॉलिब्डेनमचे ग्रीस लावायला शिकवले, आणि नटखाली घालायला ट्रकच्या किंगपिनचे थ्रस्ट बेअरिंग दिले. त्याने नट घासत नाही, जोर पिळण्यात वाया जात नाही. बेअरिंग बसवायला बेअरिंगच लागावे, यात मला अजून गंमत वाटते. खंडेनवमीला माझ्या मायक्रोमीटरशेजारी आता तो रॉडही असतो, झेंडूचे फूल वाहिलेला.

म्हणून सगळेच मान्य केले असे नाही. गाडी विटांवर चढवणाऱ्याशी मी बोलत नाही; लोखंडी घोडी हवीच. अॅक्सलचा नट अंदाजाने आवळणाऱ्याशीही माझे पटत नाही. तो नटच बेअरिंगच्या आतल्या दोन्ही रिंगा एकमेकींना चिकटवून धरतो. तो कंपनीने दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळल्याशिवाय गाडीचा भार चाकावर येऊ द्यायचा नाही, नुसती ढकलूनसुद्धा नाही. टॉर्क रेंचला घरगुती पर्याय नाही. एबीएसच्या गाड्यांत बऱ्याच बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. उलटे बसले तर सगळे काम परत, आणि काढताना नवे बेअरिंग फुकट. नव्या गाड्यांत तर हब आणि बेअरिंग एकत्र, बोल्टवर बसणारे येते. तिथे ना प्रेस लागतो ना रॉड.

सध्या आमचा वाद सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर चालू आहे. बेअरिंगचे जमले म्हणून भाच्याला तसेच दोन रॉड आणि वाकवलेले हुक लावून कॉइल स्प्रिंग दाबायची आहे. बेअरिंगच्या कामात रॉड तुटला तर ताण तिथेच संपतो. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मात्र जोर साठलेला असतो, हुक निसटला की तो माणसाच्या तोंडावर येतो. मी त्याला बाजारातला स्प्रिंग कॉम्प्रेसर आणायला सांगितले आहे. तो म्हणतो, मामा, बेअरिंगच्या वेळीही तुम्ही असेच म्हणत होता. म्हणत होतो. पण हे काम माझ्या फाटकाच्या आत व्हायचे नाही.