तिरंगी ढोकळा आणि पांढरा सदरा



यंदा १५ ऑगस्टला आमच्या बोईसरच्या सोसायटीत झेंडावंदनानंतर 'थीम पार्टी' होती, आणि सगळी जबाबदारी आमच्या सूनबाईंनी अंगावर घेतलेली. थीम अर्थातच तिरंगा! कपडे केशरी, पांढरे नाहीतर हिरवे. खाणंही त्याच रंगांचं. गाजराचा, साधा आणि पालकाचा असा तीन थरांचा ढोकळा.

मी नाक मुरडलं. "अगं, झेंडा काय खायची वस्तू आहे?"

"मग आई, तुम्हीच मुलांना काहीतरी सांगा. पाचच मिनिटं हं!"

म्हटलं, आपल्याच गावाजवळचं सांगावं. बोईसरहून गाडीने निघालं की उमरोळी आणि मग पालघर. तिथला पाचबत्तीचा हुतात्मा स्तंभ सगळ्यांनी पाहिलेला, पण ते पाच कोण, हे किती जणांना ठाऊक? १४ ऑगस्ट १९४२. 'चले जाव'ची हाक देऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. गावागावांतून लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेले आणि गोळीबार झाला. पागधरे, ठाकूर, तिवारी, चुरी, मोरे. पाच जण गेले. मी एकेक नाव सांगत होते, मुलं माझ्यामागून म्हणत होती.

तेवढ्यात दाराबाहेरून कुणीतरी माझ्या आधीच "मोरे" म्हणालं. पाहते तर आमच्या वॉचमनचा मुलगा. शाळेचा निळा शर्ट घालून उंबऱ्याबाहेर उभा.

"आत ये की रे!"

"नको आजी. माझ्याकडं त्या रंगाचा शर्ट नाय."

मंडळी, पुढचं वाक्यच सुचेना. कारण हेच वाक्य मी चाळीसेक वर्षांपूर्वी ऐकलं होतं, आणि तेव्हा मी उंबऱ्याच्या आत उभी होते. झेंडावंदनाला एक मुलगा रंगीत सदरा घालून आला. "बाई, पांढरा वाळला नाही," म्हणाला. मी त्याला रांगेतून काढून भिंतीकडे तोंड करून उभा केला. झेंड्याचा मान राखायला शिकवत होते ना! ऑगस्टातला आपल्याकडचा पाऊस, घरात एकच पांढरा सदरा... तो वाळणार कुठून, हे मला सुचलंसुद्धा नाही. नंतर चार दिवस तो शाळेत आला नाही. आला तेव्हा मीही काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

१९४२ च्या त्या मोर्चात कुणी कुणाचा सदरा पाहिला असेल का हो?

मी बाहेर गेले, पोराचा हात धरून त्याला आत आणलं आणि म्हटलं, "आता नावं तू सांग, ही सगळी तुझ्यामागून म्हणतील." त्याने पाचही नावं न अडखळता सांगितली. शाळेत शिकवली होती म्हणे. त्याच्या बाईंचं मला फार कौतुक वाटलं.

रात्री सूनबाईंना जुना किस्सा सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी कपड्यांची अट नको. रंग काय तो ताटात असू दे."

असो. ढोकळा मात्र छान झाला होता. मी दोन तुकडे खाल्ले, हेही कबूल करते!