पाऊण तोळ्याची फळी

बंद हॉलमध्ये उडणारं रबरी मोटरचं विमान करायला कुणी शिकवलं, असं विचारलं तर मी एनसीसीच्या एअर विंगमधल्या आमच्या सरांचं नाव घेतो. सामान कुणी दिलं, या प्रश्नाला मात्र एका नावात उत्तर देता येत नाही. १९८०च्या दशकात पुण्यात असं सामान दुकानात मागून मिळत नसे. ते माणसांकडून गोळा करावं लागे.

सगळ्यांत मोठं ऋण एका सराफकाकांचं. या विमानांचं लाकूड म्हणजे इक्वेडोरहून येणारं बाल्सा. फळी तीन फूट लांब, तीन इंच रुंद, अर्धा सूत जाड. दिसायला सगळ्या सारख्याच; पण एक नऊ ग्रॅमची निघते, तर दुसरी अठराची. बाहेर उडवायच्या मॉडेलला हे चालून जातं. हॉलमधलं विमान माणसाच्या चालीने घिरट्या घालतं. त्याच्या पंखात जड फळी गेली की ते छताकडे जाण्याआधीच खाली येतं. म्हणून फळी निवडायची ती तोलूनच. एवढा बारीक काटा आमच्या ओळखीत फक्त या काकांकडे होता.

काका लक्ष्मी रोडवर बसत. गिऱ्हाईक नसलं की मी पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या फळ्या त्यांच्यापुढे ठेवी. "हे रे काय, लाकूड की पापड?" असं म्हणत ते फळी पारड्यावर आडवी धरून हलकेच सोडत आणि काचेचं दार अर्धवट ओढून पंखा बंद करायला सांगत. मग गिऱ्हाइकाला सांगावं तसं खणखणीत म्हणत, "आठ ग्रॅम आठशे मिली. पाऊण तोळा धर." आकडा फळीच्या कडेला पेन्सिलीने स्वतः लिहीत. माझ्या विमानांच्या बरगड्यांवर, पंखांच्या दांड्यांवर त्यांच्या अक्षराचे तुकडे राहून जात. मी ते कधी घासून काढले नाहीत.

वजनानंतरची परीक्षा सरांची. फळी उजेडात धरून ते तिच्यावरचे चकाकते ठिपके दाखवत. असे ठिपके असलेली फळी ताठ, म्हणजे बरगड्यांसाठी. ठिपके नसलेली वाकते, ती गोलाईच्या कामाला. हे त्यांनी वहीत लिहून दिलं नाही, बोटांना शिकवलं.

बाकीची देणी अशीच विखुरलेली. बुरूड आळीतल्या काकू बांबूची पातळ कामटी पैसे न घेता देत. मेणबत्तीवर ती वाकवून पंखाचं टोक होई. रविवार पेठेतला पतंगवाला गठ्ठ्यातला सगळ्यांत झिरझिरीत कागद बाजूला काढून ठेवी. विमानाच्या पुढच्या पंख्याच्या दांड्याला मिरजेहून आलेली सतारीची पोलादी तार. अमेरिकेतल्या आतेभावाने बॅगेच्या कोपऱ्यातून आणलेला तेरा इंच पंखांचा 'पीनट' किट आणि सोबत खास मॉडेलांसाठीचं रबर. ते रबर ऊन-उजेडापासून दूर, डब्यात. पीळ देण्यापूर्वी त्याला एरंडेल चोळायचं आणि सुताराच्या हँडड्रिलने पीळ भरायचा. उडवायच्या दिवशी बॅडमिंटन हॉलचे शिपाई मामा सगळी दारं लावून, पंखे बंद करून आमच्याबरोबर घामाघूम होत बसत.

आता लेझरने कापलेल्या बरगड्यांचे किट घरपोच येतात, काटाही स्वस्तात मिळतो. मुलांची सोय झाली, याचा आनंदच आहे. पण मला मिळालं ते फुकट मिळालं होतं, म्हणून माझ्याकडची हलकी फळी मी विकत नाही. मागेल त्या मुलाला वजन लिहून देतो. तुमच्याही माळ्यावर अर्धवट सोडलेला किट किंवा बाल्साच्या चार फळ्या पडून असतील, तर जवळच्या शाळेत एरोमॉडेलिंग करणाऱ्या मुलांना देऊन टाका. लाकूड थांबेल, पण किटमधलं रबर नुसतं ठेवूनही वाया जातं.