माजघरातला इलेक्ट्रॉन

आमचा भाचा इंदूरला इंडस-२ नावाच्या यंत्रावर असतो. तिथल्या क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन हुसकावून लावायचे, हा त्याचा धंदा. गणपतीत रेवदंड्याला आला, तेव्हा म्हटलं, "नक्की करतोस काय रे?"

"मामा, रेणू म्हणजे आपलं घर समजा. पडवीतला इलेक्ट्रॉन दहा-पंधरा इलेक्ट्रॉन-व्होल्टांत बाहेर पडतो."

पटलं. पडवीत मी असतो; कुणी नुसतं 'चहा?' म्हटलं की मी बाहेर!

"कार्बनच्या माजघरातल्याला मात्र सुमारे २९० लागतात. शेजारी ऑक्सिजन असला तर आणखी थोडे. तो फरक मोजला की शेजार कळतो. या विद्येसाठी काई सीगबान यांना १९८१ साली नोबेल मिळालं."

आमची आई माजघरातूनच सगळ्या आळीची कुंडली सांगते. तिला कुणी साधा नारळही दिला नाही!

"आणि तो गेला की?"

"बाहेरचा एक त्याच्या जागी पडतो, आणि पुष्कळदा त्या भरात दुसराही घराबाहेर फेकला जातो."

गौरी-गणपती झाले आणि मोतीबिंदूसाठी तो आजीला इंदूरला घेऊन गेला. बायको ओटीवरून माजघरात गेली. मी दळण, दूध, रॉकेल करत घराबाहेर.

परवा भाच्याचा फोन आला. "दोन्ही डोळे छान झाले. आजीला आता इथंच राहू दे ना."

मागून आईचा आवाज आला, "शेजारच्यांच्या सुनेला दिवस गेलेत ना रे?"

आम्हाला पत्ताच नव्हता.

मी म्हटलं, "बाबा रे, तुझे गेलेले इलेक्ट्रॉन परत येत नसले तर नसोत. आमचा तेवढा पाठव."