घड्याळ मेलबर्नचे, शरीर पुण्याचे

मुलगा किंवा मुलगी मेलबर्नला स्थायिक झालेली असते, दिवाळीनंतर आईवडील तिकडे जातात आणि मग सगळ्यांनी मिळून मोटारहोम घेऊन समुद्रकाठाने फिरायचे ठरते. चाकांवरचे हे घर किती माणसांचे असावे, स्वयंपाकाला काय न्यावे, याची चर्चा महिनाभर चालते. पहिल्या दिवशी गाडी किती वाजता हाती घ्यावी, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. डॉक्टर या नात्याने मला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

ऑक्टोबर ते एप्रिल मेलबर्नचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. तेथे सकाळचे 10 वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे साडेचार झालेले असतात. नुकत्याच आलेल्या प्रवाशाच्या शरीरातील घड्याळ भारतीय वेळेवरच चालत असते आणि पहाटेची ही वेळ म्हणजे शरीराचे तापमान व मेंदूची सावधता तळाला जाण्याची वेळ. पूर्वेकडे प्रवास केल्यावर हे घड्याळ दिवसाला साधारण एक तास या गतीने सरकते. म्हणजे हॉटेलात एक रात्र झोपून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेतली, तरी आपण जवळजवळ पहाटेच्या गुंगीतच ती चालवत असतो. विमानातून उतरल्या उतरल्या गाडी घेणे तर त्याहून वाईट. 17 तास सलग जागे राहिल्यावर माणसाची कार्यक्षमता रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असल्याइतकी खालावते, असे 1997 साली ऑस्ट्रेलियातच डॉसन आणि रीड यांनी दाखवून दिले. तेथील सर्वसाधारण चालकांसाठी कायद्याची मर्यादाही नेमकी तेवढीच आहे. मद्याला न शिवणारा आपला सज्जन गृहस्थ या अवस्थेत बिनदिक्कत चाकामागे बसतो.

संध्याकाळी उलट तरतरी येते, कारण भारतात तेव्हा दुपार असते. पण शहराबाहेर तिन्हीसांजेला कांगारू चरायला बाहेर पडतात आणि अचानक रस्त्यावर उडी घेतात. तेव्हा पहिल्या दिवशी वाहन चालवायला उरते ती दुपार.

आम्ही मेलबर्नला एक रात्र काढली, सकाळी साडेदहानंतर टोपी घालून, सनस्क्रीन लावून उन्हात फिरलो आणि दुपारी एक वाजता गाडी घ्यायला गेलो. उशिरा सकाळचे हे ऊन शरीराचे घड्याळ पुढे ढकलायला मदत करते. अगदी भल्या सकाळचे ऊन सुरुवातीच्या एकदोन दिवसांत उलटा परिणाम करू शकते. मात्र तेथील उन्हाळ्यातील अतिनील किरण अतिशय तीव्र असतात. आपली त्वचा सावळी म्हणून टोपीला सुट्टी देऊ नये.

गाडी सुमारे 7 मीटर लांब आणि 3 मीटरहून उंच होती. स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, गॅसची झडप, शौचालयाची काढून रिकामी करायची पेटी, हे सारे तेथील कर्मचाऱ्याने अर्ध्या तासात समजावले. थकलेला मेंदू यातले निम्मेही धरून ठेवत नाही. म्हणून घरातल्या तरुणाने सगळे मोबाइलवर चित्रित करून घ्यावे. आणखी एक गोष्ट : आजींना मागच्या पलंगावर जरा लवंडू द्यावे असे कितीही वाटले, तरी गाडी चालू असताना ते चालत नाही. प्रत्येकाने आसनावर पट्टा बांधूनच बसायचे. पाय सुजलेल्या वडीलधाऱ्यांसाठी वाटेत थांबणे हाच उपाय.

वेस्ट गेट पूल ओलांडताना वारा या उंच गाडीला बाजूने ढकलतो, हे पहिल्यांदा जाणवते तेव्हा हात घट्ट होतात. पुढे जिलाँगपर्यंत रस्ता सरळ आणि रुंद आहे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, हे मोठे सुख. शंभरेक किलोमीटरवर टॉर्की येते आणि तेथून ग्रेट ओशन रोड सुरू होतो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात हा 243 किलोमीटरचा रस्ता आपल्या हुतात्मा साथीदारांच्या स्मरणार्थ खोदून काढला. पुढे तो कड्याला बिलगून वळणे घेत जातो आणि टॉर्कीहून निघालेल्यांना समुद्र डाव्या हाताला, अगदी लगत, दिसत राहतो. लॉर्न तासाभराच्या आत येईल, असे गाडीतले कोणीतरी म्हणतेच. आम्ही टॉर्कीलाच थांबलो. तो रस्ता ताज्या डोळ्यांनी पाहण्याचा आणि ताज्या मेंदूने चालवण्याचा आहे.

कॅराव्हॅन पार्कमध्ये वीज जोडली की पहिले काम फ्रिज तपासण्याचे, विशेषतः घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो, त्यामुळे त्या दिवसाचे डोस निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. औषधे तीन महिन्यांपुरतीच, चिठ्ठीसह, आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत न्यावे. विमानतळावर खाद्यपदार्थ व औषधे फॉर्मवर न चुकता नोंदवावीत. भारतीय पर्यटकांना तेथील सरकारी आरोग्ययोजनेचा लाभ नाही, म्हणून विमा हवाच. तातडीचा दूरध्वनी क्रमांक 000.

आम्ही खिचडी टाकली, नॉरफॉक पाइनच्या रांगेखालून किनाऱ्यावर चक्कर मारली आणि डोळे टक्क उघडे असतानाही साडेदहाला दिवे मालवले. थंडी होती, पण ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवू दिली नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वासही नसतो. छताची झडप बोटभर उघडी ठेवून जादा पांघरुणे घेतली.