एकाच नावाचे दोन फोल्डर

कॉलेजचा फाइल सर्व्हर या सुट्टीत बंद होतोय, सगळा डेटा गुगल ड्राइव्हवर जाणार. त्याचं नवल नाही. पण हलवाहलवीसाठी हाताखाली आलेल्या मुलीने विचारलं, "सर, परीक्षा विभागात 'दुसऱ्या वर्षाचे निकाल' नावाचे दोन फोल्डर कसे?" नेमकं वर्मावर बोट.

युजर, ग्रुप, परवानग्या, कोटा हे कुणीही लावतं. आमच्यासारख्या, अँड्र्यू ट्रिजेलच्या सांबावर चालणाऱ्या सर्व्हरची कसोटी एकच, लिनक्सवरचा फोल्डर विंडोजवाल्याला आपलाच वाटला पाहिजे. माझं घोडं अडतं ते 'ऱ'पाशी. इनस्क्रिप्टवाला क्लार्क 'ऱ' एका कळीत टाइप करतो. फोनेटिकवाल्या मॅडमच्या मशीनवर तिथे साधा र, हलंत आणि न दिसणारा जॉइनर पडतो. स्क्रीनवर दोन्ही 'दुसऱ्या' हुबेहूब सारखे. सर्व्हर मात्र बाइट मोजतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. गुण एका फोल्डरमध्ये चढतात, शोधणारा दुसरा उघडतो आणि मला फोन येतो, फाइल गायब झाली.

युनिकोडचं नॉर्मलायझेशन इथे कामाला येत नाही. र आणि नुक्ता वेगळे पडले असतील तर ते त्यांचा 'ऱ' करतं, जॉइनरला हातही लावत नाही. जॉइनर सरसकट काढावा, तर र रफार होऊन 'या'च्या डोक्यावर चढतो. म्हणून 'र, हलंत, जॉइनर' हे त्रिकूट दिसेल तिथेच 'ऱ' आणि हलंत घालणारी स्क्रिप्ट लिहिली. ती रात्री चालते, कुणाची फाइल उघडी नसताना.

लांबीचं दुखणं आणखी वेगळं. लिनक्सवर नावाला 255 बाइट. देवनागरीचं अक्षर, काना, हलंत, प्रत्येकाला तीन. म्हणजे 85 खुणांत नाव संपलं पाहिजे. विंडोजवर तेच नाव निवांत बसतं, सर्व्हरवर कॉपी करताना अडतं.

नावं इंग्रजीत ठेवा, कटकट मिटेल, असं सगळे सांगत आले. मी ऐकलं नाही. दुसऱ्या कॉलेजचे सिस्टिमवाले आले की मराठी फोल्डरांची ती रांग मी मुद्दाम उघडून ठेवायचो. त्यांच्या तोंडून 'वा' ऐकायची मला भूक होती. अजून आहे.

हल्ली एनएएसचा, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीचा, डबा विकणारे येतात, 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देतात आणि बिल लावून जातात. 2017 च्या मे महिन्यात फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय 445 पोर्टवरून पसरला, तो एसएमबी या फाइल शेअर करायच्या प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता. तरी जुन्या स्कॅनरसाठी तीच आवृत्ती पुन्हा चालू करून देणारे आहेत. त्यांना मी या कामातले मानत नाही.

मुलगी म्हणाली, "ड्राइव्हवर तर अगदी एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी राहतात. मग आपण कशाला जीव काढायचा?" म्हणूनच काढायचा. तिथे कुणी अडवणारच नाही, आणि मार्कलिस्ट शोधणाऱ्या माणसाला दोन्ही उघडत बसावं लागेल. परीक्षा विभाग सोमवारी हलतोय. त्याआधी दोन्हींतल्या फाइली तारखा पाहून एकत्र करायच्यात, आणि स्क्रिप्ट या वेळी ती चालवणार आहे.